परदेशात पोलिसांसाठी ऑनलाइन ग्रंथालयं असतात, तिथे नमुना धोरणं आणि अनुभव एकत्र ठेवतात. आपल्याकडे तसं काही आहे का? तालुक्याच्या ठाण्याला त्याचा खरंच उपयोग होईल का?

होईल. फक्त ते ज्याच्या हातात पडायला पाहिजे त्याच्या हातात आज पडत नाही.

मी सांगली जिल्ह्यात पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. बरीच वर्षं ठाण्यात लिखापढीवर काढली. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तुम्हाला सांगितलं, ‘पोलिसांचं काम अनुभवाचं, त्याला ग्रंथालय कशाला?’ हेच वाक्य मी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून ऐकलेलं आहे. म्हणून लिहायला बसलो.

आहे का, तर आहे. दिल्लीचा पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरो १९७० पासून आहे. त्याच्या संकेतस्थळावर कार्यपद्धती, हस्तपुस्तिका, अहवाल ठेवलेले असतात. १ जुलै २०२४ ला नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा त्यांनी बरंच साहित्य काढलं. एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोचं) ‘संकलन’ अ‍ॅपही आलं, त्यात जुनं कलम कुठल्या नव्या कलमात गेलं ते सापडतं आणि ते ठाण्यात खरोखर वापरात आहे. राज्याची म्हणाल तर १९५९ ची मुंबई पोलीस नियमावली आणि तिच्यावर साचत गेलेली परिपत्रकं. सीसीटीएनएस, म्हणजे देशभरातली ठाणी जोडणारी गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक यंत्रणा, तिला कुणी ग्रंथालय समजू नये. कुणावर कुठे गुन्हा दाखल आहे ते तिथे कळतं. कुठल्या ठाण्यानं काय केलं म्हणून चोऱ्या थांबल्या, हे तिथे कळत नाही.

परदेशाशी तुलना करताना एक फरक धरा. अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळ्या पोलीस यंत्रणा आहेत, कित्येकांत दहा माणसंही नसतात, आणि प्रत्येकीनं आपलं धोरण स्वतः लिहायचं असतं. म्हणून तिथे पोलीसप्रमुखांची संघटना नमुना धोरणं तयार करून ठेवते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून कॉलेज ऑफ पोलिसिंग आहे, त्यांच्या मार्गदर्शक पद्धती बऱ्याचशा कुणालाही ऑनलाइन वाचता येतात. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय, वरून परिपत्रक येतं, ठाणं धोरण लिहीत नाही. त्यामुळे ‘नमुना धोरण’ आपल्या ठाण्याला फारसं लागत नाही. लागतं ते दुसरं. हाच त्रास शेजारच्या ठाण्याला झाला तेव्हा त्यांनी काय केलं, आणि ते जमलं का.

कृष्णाकाठच्या एका ठाण्यात असताना उन्हाळ्यात केबलचोऱ्या सुरू झाल्या. सगळा उसाचा पट्टा. नदीवर मोटरी, तिथून वर मळ्यापर्यंत केबल. रात्री केबल कापून न्यायचे, सकाळी शेतकरी ठाण्याच्या दारात. केबलच्या पैशापेक्षा पाण्याची पाळी चुकली याचा त्यांना घोर जास्त. बहुतेकांचा नुसता अर्ज घेतला जायचा, गुन्हा क्वचित दाखल व्हायचा. शेतकऱ्याला पंचनामा आणि कोर्टाचे हेलपाटे नको असायचे आणि ठाण्याला उघड न होणारे गुन्हे आकड्यात नको असायचे. कागदावर हे कुणी मान्य करणार नाही, पण ज्यानं ठाण्यात नोकरी केली त्याला हे सांगावं लागत नाही.

साहेबांनी गस्त वाढवली. नदीकडे जायला उसातनं पाणंदी. जीप वळली की तिचा उजेड पार काठापर्यंत दिसतो, चोर उसात शिरला की संपलं. पोरं रात्रभर जागायची, सकाळी पुन्हा बंदोबस्ताला जायची, आणि केबल दुसऱ्याच शिवारातली गेलेली असायची.

अर्ज बारनिशीला (आवक-जावक वहीत) नोंदून फायलीला लागत होते. मी ते सगळे काढले आणि एका वहीत रकाने पाडून उतरवले. गाव, शिवार, कोणत्या रात्री, अंदाजे किती केबल. शेतकरी बोलता बोलता एक गोष्ट हमखास सांगायचे, ती अर्जात नसायची, म्हणून तिचा वेगळा रकाना केला: त्या रात्री लाईट होती का? शेतीच्या लाईटची पाळी असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. चालू तारेला कोण हात लावणार? रकाना भरत गेला तसं दिसलं की जवळपास सगळ्या चोऱ्या दिवसपाळीच्या दिवसांतल्या, म्हणजे रात्री तारेत करंट नसतानाच्या. चोराला महावितरणचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. आमच्या गस्तीला ते माहीतच नव्हतं.

मग माल जातो कुठे ते बघितलं. केबलवरचं प्लॅस्टिक जाळतात आणि आतलं तांबं काढतात. असं जळकं तांबं काळपट पडतं, भंगारवाल्याला बघताक्षणी कळतं. चोर ते घरात ठेवत नाही, लगेच विकतो. म्हणून मी साहेबांना सुचवलं की गस्त रोज नको, ज्या दिवसांत रात्री लाईट नाही तेवढ्याच दिवसांत घालू, तीही पायी. आणि हद्दीतल्या भंगारवाल्यांना वही ठेवायला सांगू, तांबं विकायला येणाऱ्याचं नाव, मोबाईल, गाडीचा नंबर. बीट अंमलदारानं, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसानं, आठवड्याला ती वही बघून सही करायची.

साहेब म्हणाले, ‘भंगारवाला आपला खबऱ्या असतो, त्याला दुखवून चालत नाही. आणि पोलीस वहीवर चालत नाही, अनुभवावर चालतो.’

मी तेव्हाही बोललो होतो, आजही तेच म्हणतो. जो भंगारवाला अधूनमधून एखादा भुरटा चोर आपल्या हातात देतो, तो रोजचा माल घेऊन बाकीचे चोर पोसत असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड विधानात कलम ४११, आता भारतीय न्याय संहितेत ३१७. खबरीच्या नावाखाली ते कलम वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं, याला मी अनुभव मानत नाही.

पुढे एक तरुण एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, आले. त्यांनी ती वही मागून घेतली, दोन संध्याकाळी बसून वाचली. महावितरणच्या उपविभागातून लाईटचं वेळापत्रक आणलं. भंगारवाल्यांना बोलावून, चहा पाजून, दमदाटी न करता वह्या दिल्या. चोऱ्या बंद झाल्या असं म्हणणार नाही, पण कमी झाल्या हे गावोगावच्या पोलीस पाटलांनी येऊन सांगितलं. एक टोळीही मिळाली. ती माल आमच्या हद्दीत विकतच नव्हती, नदीच्या वरच्या अंगाला कराडकडे नेत होती. जिल्हा बदलला, एसपी बदलले, आणि तिकडच्या ठाण्याला आमच्या वहीचा पत्ता नव्हता, आम्हाला त्यांच्याकडच्या अर्जांचा नव्हता. सांगली आणि सातारा दोन्ही एकाच कोल्हापूर परिक्षेत्रात, म्हणजे एकाच विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या हाताखाली, येतात, तरी हे असं.

मग त्या एपीआयची बदली झाली. भंगारवाल्यांच्या वह्या बंद पडल्या, माझी वही कुठल्या गठ्ठ्यात गेली कुणास ठाऊक. पुढच्या उन्हाळ्यात केबल पुन्हा जायला लागल्या आणि नव्या साहेबांनी पहिला हुकूम काढला तो गस्त वाढवण्याचा.

निवृत्तीनंतर माझी पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना अमेरिकेतल्या समस्याकेंद्री पोलिसिंगच्या (एकेका त्रासाचं कारण शोधून त्यावर उपाय करण्याच्या) केंद्राचं संकेतस्थळ बघत होती. ते आता अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात आहे. एकेका त्रासावर एकेक मार्गदर्शिका. त्यात भंगार धातूच्या चोरीवर २०१० सालची एक निघाली. पुतणी वाचून अर्थ सांगत होती आणि मी ऐकत होतो. धातूचा भाव वाढला की चोरी वाढते. माल घेतो कोण ते बघा. विकणाऱ्याची नोंद ठेवायला लावा. आपल्या भागात कधी, कुठून, काय जातं याचे प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि मग उपाय ठरवा. माझ्या वहीतले रकाने तिकडच्या तज्ज्ञांनी छापून जगाला फुकट वाचायला ठेवले होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे मोकळेपणानं सांगतो. त्या मालिकेतलं मला सर्वांत पटलेलं म्हणजे कोणते उपाय फारसे चालत नाहीत, याचाही वेगळा भाग असतो.

आपल्याकडे न चाललेलं कुणी लिहीतच नाही. आपल्याकडे वाटली जाते ती प्रेसनोट. आरोपी ओळीत उभे, पुढे टेबलावर मुद्देमाल, मागे पथक, खाली सगळ्यांची नावं. त्यातून दुसऱ्या ठाण्याच्या हवालदाराला काय शिकता येतं? काहीही नाही.

म्हणून माझं मत असं की दिल्लीला आणखी एक संकेतस्थळ काढून उपयोग नाही. परिक्षेत्राच्या पातळीवर, मराठीत, हवालदारानं हवालदारासाठी लिहिलेलं पाहिजे. त्रास काय होता, काय करून बघितलं, काय फसलं, किती माणसं लागली. दोन पानं पुरेत. लिहिणाऱ्याला त्याबद्दल कारणे दाखवा नोटीस येणार नाही, एवढी हमी वरिष्ठांनी द्यावी. आणि बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यानं चार्ज देताना मुद्देमालाच्या यादीबरोबर ही पानंही द्यावीत.

थोडं दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवं. सगळं उघडं ठेवता येत नाही. खबऱ्यांची नावं, गस्तीच्या वेळा, चालू तपास हे खात्याच्या आतच राहायला पाहिजे. पण नियम, सूचना आणि नियमावल्या स्वतःहून जाहीर करायला माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, त्यामुळे ‘पोलिसांचं आहे, गुप्त आहे’ हे उत्तर सरसकट चालत नाही. परदेशातलं जसंच्या तसं उचलूनही भागत नाही. आता न्याय संहितेत पहिल्यांदा केलेली ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेच्या शिक्षेवर जाते आणि तो गुन्हा अदखलपात्र धरला आहे. केबलचे छोटे तुकडे पुष्कळदा त्याच किमतीत बसतात. अमेरिकेतली मार्गदर्शिका यावर काही सांगणार नाही, ते इथल्याच कुणीतरी लिहायला हवं.

तुम्ही यावर प्रकल्प करणार असाल तर संकेतस्थळांची यादी करत बसू नका. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली नदीकाठची चार-पाच ठाणी निवडा. माहिती अधिकारात मोटर आणि केबलचोरीचे नुसते गुन्हे मागू नका, अर्जही मागा, खरा आकडा तिथे असतो. महावितरणकडून त्याच महिन्यांचं शेतीच्या लाईटचं वेळापत्रक घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. तक्ता झाला की त्या निवृत्त अधिकाऱ्यांना दाखवा आणि विचारा, गस्त कोणत्या रात्री घालायला हवी होती.