सहा महिने झाले बॅडमिंटन खेळतोय, नव्या रॅकेटला २८ पाउंड गटिंग करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ४यू वजनगटातली, हेड-हेवी (वरच्या डोक्याकडे वजन जास्त असलेली) रॅकेट घेताय आणि कोर्टवरचे सीनियर म्हणतात, "२८ टाक, मग बघ स्मॅश कसा बसतो." नका टाकू. २३ करा, फार तर २४. गटिंग म्हणजे रॅकेटला तारा ओढून बसवणं, आणि पाउंडाचा आकडा म्हणजे त्या तारांचा ताण, टेन्शन.

जास्त टेन्शन म्हणजे जास्त ताकद ही समजूत साफ उलटी आहे. ती नवख्यांच्या गळ्यात मारतात जाणते खेळाडूच, म्हणून मला तिचा जास्त राग येतो. शटल तारांवर आदळलं की तारा आत दबतात आणि परत उसळताना त्याला फेकतात. तार जरा सैल असेल तर ती सहज दबते आणि ही उसळी तुम्हाला आयती मिळते. २८ पाउंडांवर तेवढीच तार दाबायची तर हातही तेवढ्या वेगाने फिरायला हवा. मोठ्या स्पर्धांतले खेळाडू २८-३०च्या पुढे जातात ते ताकदीसाठी नाही. ताकद त्यांच्याकडे आहेच, त्यांना शटल नेमकं कुठे पडेल यावर ताबा हवा असतो.

मग समजूत टिकते कशामुळे? आवाजामुळे. घट्ट तार कडक वाजते आणि फटका जोरात गेल्यासारखा वाटतो. खरं तपासायचं असेल तर आपल्या बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, दहा क्लिअर (उंच, लांब फटके) मारा. समोरच्या मागच्या रेषेजवळ आठ पोचत नसतील, तर टेन्शन वाढवून त्या आणखी आखूड पडतील. मग तुम्ही खांद्याने जोर लावणार आणि दुखणं कोपरापर्यंत येणार. आठ आरामात पोचतात? तर पुढच्या गटिंगला १ पाउंड वाढवा. एकदम चार नाही.

शिवाय टेन्शन वाढलं की मधली चांगली जागा लहान होते. नवख्याचा फटका बऱ्याचदा वरच्या कडेला लागतो, आणि घट्ट तार तिथेच, फ्रेमला लागून तुटते. तार मधोमध झिजून तुटली तर ती तिचं काम करून गेली. कडेला तुटली तर दोष फटक्याचा किंवा ग्रोमेटचा, म्हणजे फ्रेमच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळीचा. ग्रोमेट चिरला की तार थेट कार्बनच्या धारेवर घासते, म्हणून प्रत्येक गटिंगच्या वेळी फाटके ग्रोमेट बदलून मागा.

रॅकेटवर मुठीच्या वर '२०-२८' असं छापलेलं असतं. त्यातला २८ ही फ्रेमची मर्यादा आहे, सल्ला नव्हे. तार ०.७० मिमीची घ्या. ०.६५ची उसळी छान देते, पण तुमच्या टप्प्यावर फार लवकर जाईल. गटिंग करणाऱ्याला आडव्या तारा उभ्यांपेक्षा १-२ पाउंड जास्त ठेवायला सांगा, म्हणजे हेडचा आकार टिकतो. मशीनला फ्रेम सहा ठिकाणी धरणारे आधार हवेत. फक्त दोन टोकांना धरून ओढणाऱ्या मशीनवर कार्बन रॅकेट देऊ नका. काम झाल्यावर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रॅकेटवर ठेवून बघा. हेड रुंद किंवा लांबट झालेलं दिसलं तर तिथे पुन्हा जाऊ नका.

तार तुटली की खेळ थांबवा आणि उरलेल्या सगळ्या तारा लगेच कापा. एका बाजूची तार गेली की दुसऱ्या बाजूचा ताण फ्रेमला पिळत राहतो, आणि रात्रभर बॅगेत पडलेली रॅकेट सकाळी वाकलेली किंवा तडकलेली निघू शकते. मधून सुरुवात करा, आडवी-उभी एकत्र कापत बाहेरच्या बाजूला या. "उद्या दुकानात देतो, तिथे कापतील" हे मला पटतच नाही. कात्री बॅगेत ठेवा.

तार तुटली नाही तरी टेन्शन उतरतं, पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. तारा बोटाने सरकवल्यावर जागेवर येत नसतील किंवा आवाज बसका झाला असेल, तर न तुटताही बदला. आठवड्यात जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा, हा हिशेब तीन दिवस खेळणाऱ्याला पुरतो. उन्हात उभ्या गाडीत रॅकेट ठेवली तर टेन्शन अजून लवकर उतरेल.

रॅकेट निवडण्याबद्दल थोडक्यात: ४यू म्हणजे ८०-८४ ग्रॅम, ठीक आहे. हेड-हेवी मात्र मी आत्ता घेणार नाही, समतोल घ्या. दुहेरीत नेटजवळ हात वेळेवर वर येणं स्मॅशपेक्षा जास्त उपयोगी पडतं. शाफ्ट, म्हणजे मूठ आणि हेड जोडणारी दांडी, मध्यम लवचिक. योनेक्स कंपनीच्या मापात जी५ ही जी४ पेक्षा बारीक मूठ, आकडा वाढला की मूठ बारीक होते. बारीक घेऊन वर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवा. एक ओव्हरग्रिप साधारण ५ ग्रॅमची, दोन-तीन चढवल्या तर हेड हलकं लागायला लागतं. मग हेड-हेवी घेतली कशाला?

हे सगळं पूर्ण कार्बनच्या फ्रेमबद्दल आहे. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि शाफ्ट वेगळा जोडलेला असेल, तर २३सुद्धा टाकू नका, छापलेल्या आकड्यांच्या खालच्या टोकाला राहा. आणि कोणी टेनिसचे ५०-५५ पाउंड दाखवून २८ कमीच आहे म्हणालं, तर त्याला सांगा की तिथे हेड मोठं, तार जाड आणि चेंडू शटलच्या दहापट जड. तिथेही ताकद हवी असेल तर टेन्शन कमीच करतात.