सिनेमे बघून पोट भरतं का?

पत्र : "इचलकरंजीत आमचे चार यंत्रमाग आहेत. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहिणारा व्हायचंय. दोन वर्षांत अडीचशे सिनेमे पाहिलेत, बहुतेक मोबाइलवर. सगळ्यांची नावं वहीत, प्रत्येकापुढे स्टार. त्याचे वडील विचारतात, सिनेमे बघून कुणाचं पोट भरलंय का? त्यानं लिहिलेलं एक परीक्षण सोबत पाठवते. – एक आई"

ताई, नमस्कार.

आधी त्याच्या वडिलांना उत्तर देतो. नाही भरत. सिनेमा बघायचे पैसे कुणीच देत नाही. रात्री अकराच्या आत साडेतीनशे शब्द लिहून हातात ठेवले, तर त्याचे मिळतात, आणि तेही बेताचेच.

मी स्वतः सात वर्षं एका दैनिकाच्या पुरवणीत उपसंपादक होतो. भाषांतरं करायची, राशिभविष्याची मुद्रितं तपासायची, शब्दकोड्याची उत्तरं जुळवायची आणि उरलेल्या वेळात सिनेमाचं परीक्षण. "चित्रपट समीक्षक पाहिजे" अशी जाहिरात मी आजवर एकदाही पाहिलेली नाही. मराठी दैनिकांत हे काम बहुधा पुरवणीतलंच कुणीतरी करतं, नाहीतर बाहेरून लिहिणारा एखादा जाणकार. बाहेरून लिहिणाऱ्याचं मानधन माझ्या काळी तिकीट, रिक्षा आणि मध्यंतरातला वडा यांतच संपायचं.

प्रेस शो, म्हणजे प्रदर्शनाआधी पत्रकारांसाठी ठेवलेला खेळ, असला की गुरुवारची संध्याकाळ अशी जायची. अंधारात मांडीवर वही ठेवून न बघता लिहायचं. बाहेर येऊन बघावं तर ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, निम्मं वाचताच येत नाही. पावणेदहाला ऑफिसात. जेवण राहिलेलं. साडेतीनशे शब्द लिहून उठतोय तोवर पान लावणारा सांगायचा, "जाहिरात आलीये, दोनशे वीस कर." एकशे तीस शब्द चडफडत काढायचे, आणि काढताना लक्षात यायचं की त्यातले शंभर मुळात नकोच होते. लिहायला मी तिथं शिकलो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एकदा मी एका सिनेमाला दीड स्टार दिला होता. सकाळी पेपर उघडला तर अडीच. त्याच आठवड्यात त्या सिनेमाची अर्धं पान जाहिरात होती. विचारलं तर "छपाईत चूक झाली." पुढे वर्षभरात मी ती नोकरी सोडली. तत्त्वासाठी सोडली असं सांगायला बरं वाटतं, पण खरं कारण पगार होतं.

मग हे काम करून कुणाचं आयुष्य उभं राहिलंच नाही का? राहिलंय. शिकागोच्या 'सन-टाइम्स' या दैनिकात रॉजर ईबर्ट १९६६ मध्ये नोकरीला लागला तो साधा बातमीदार म्हणून. पुढच्या वर्षी समीक्षकाची खुर्ची रिकामी झाली आणि २४ वर्षांच्या या मुलाला तिथं बसवलं. १९७५ मध्ये त्याला पुलित्झर हे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. चित्रपट समीक्षकाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. २००६ मध्ये कॅन्सरच्या शस्त्रक्रियांनी त्याची वाचा गेली. लिहिणं चालूच राहिलं. २०१२ या एका वर्षात त्यानं ३०६ परीक्षणं लिहिली. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला, त्याच पेपरात ४६ वर्षं समीक्षा लिहून. आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये बातमीदारी करता करता सिनेमावर लिहू लागले, आणि तिथून 'नया संसार', 'नीचा नगर', 'आवारा' या सिनेमांच्या लेखनापर्यंत पोचले. पेपरातला साप्ताहिक स्तंभ मात्र त्यांनी १९८७ मध्ये जाईपर्यंत सोडला नाही. दोघंही पेपरात शिरले ते पत्रकार म्हणून. तुमच्या मुलालाही दार तेच आहे.

आता तुम्ही पाठवलेलं परीक्षण. "कथा दमदार, संगीत श्रवणीय, एकदा बघायला हरकत नाही" हे त्यानं कुठून उचललंय ते मला माहीत आहे, कारण आम्हीच ते वर्षानुवर्षं छापत आलो. पण शेवटून तिसरी ओळ मी दोनदा वाचली : "कारखान्यात नायक-नायिका कुजबुजत बोलतात. आमच्याकडे माग चालू असताना शेजारच्याची हाक ऐकू येत नाही." ताई, ही समीक्षा आहे. ती त्याला मोबाइलनं दिलेली नाही, तुमच्या शेडनं दिलीये. ही ओळ त्याच्या वडिलांना वाचून दाखवा.

बी.कॉम. अजिबात सोडू देऊ नका. सिनेमाच्या कमाईचे कोटींचे आकडे छापणारे पुष्कळ आहेत. त्यातला ग्रॉस (तिकिटांची एकूण विक्री) किती, नेट (कर वजा जाता उरलेली रक्कम) किती आणि वितरकाच्या हाती काय लागलं, हे उलगडून सांगणारे फार कमी. पदवीनंतर पत्रकारिता : घराजवळ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेचे चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रम होतात, त्यातला एक त्यानं जरूर करावा. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीच्या स्टुडिओतच ती संस्था उभी आहे, म्हणजे तुमच्या जिल्ह्याचा तिथं थोडा हक्कही लागतो. आठवड्याचे दोन-तीन सिनेमे मात्र कमी करायला सांगा. आठवड्याला एक, तोही थिएटरात, आणि बाकीचा वेळ वाचन. मराठी आणि इंग्रजी दोन्ही, कारण पुरवणीच्या डेस्कवर पहिल्या दिवशी हातात भाषांतरच पडतं.

वडिलांशी एक करार करा. पदवीनंतर तीन वर्षं त्याची, खर्च भागवायला कुठल्याही डेस्कची नोकरी, आणि सुट्टीला आला की मागावर बसायचं. कंत्राटी नेमणुका आणि आटणाऱ्या पुरवण्या बघता चौथ्या वर्षाबद्दल मी शब्द देणार नाही.

आणि त्याला माझा निरोप द्या. येत्या शुक्रवारी जो मराठी सिनेमा लागेल, तो संध्याकाळच्या खेळाला बघायचा. घरी येऊन दोनशे वीस शब्द, रात्री बाराच्या आत मला ई-मेल. 'दमदार' हा शब्द वापरायचा नाही. स्टार द्यायचे नाहीत.