साउथ सिडनी क्लबला लीगमधून काढलं होतं, मग तो परत कसा आला?

हॉलिवूड अभिनेता रसेल क्रोचा रग्बी क्लब मुळात कुठला, आणि त्याला एकदा लीगमधून काढलं होतं हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. मी काही वर्षं सिडनीत रेडफर्नजवळ राहत होतो. तिथे अजूनही हा विषय घरातल्या गोष्टीसारखा निघतो.

साउथ सिडनी रॅबिटोज हा क्लब १७ जानेवारी १९०८ ला रेडफर्न टाउन हॉलच्या सभेत स्थापन झाला. त्या काळच्या रग्बीत खेळाडू जखमी झाला तर त्याची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नसे. कामगार खेळाडूंच्या या रागातूनच सिडनीत रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा वेगळा प्रकार आणि त्याची क्लबांची स्पर्धा, उभी राहिली. साउथ्सनी, म्हणजे याच क्लबने, पहिल्याच हंगामात विजेतेपद घेतलं आणि १९७१ पर्यंत तब्बल २० विजेतेपदं जिंकली. नावाबद्दल असं सांगतात, की काही खेळाडू ससे विकायला गल्लोगल्ली फिरत आणि 'रॅबिटो!' अशी आरोळी देत.

१९७० च्या अंतिम सामन्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांतच कर्णधार जॉन सॅटलरला ठोसा बसला आणि जबडा मोडला. मला धरून उभं ठेव, समोरच्यांना कळता कामा नये, असं तो सहकाऱ्याला म्हणाला आणि तसाच शेवटपर्यंत खेळला. मॅनली या सिडनीतल्याच दुसऱ्या क्लबला त्यांनी २३-१२ असं हरवलं.

नव्वदच्या दशकात टीव्हीच्या पैशावरून लीग फुटली. १९९७ ला दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, मग समेट झाला आणि २००० पासून १४च संघ ठेवायचं ठरलं. साउथ्सनी दुसऱ्या क्लबात विलीन व्हायला नकार दिला. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांना वगळलं. क्लबचा जुना खेळाडू आणि तेव्हाचा अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स कोर्टात गेला, आणि लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २००० च्या मोर्चात सुमारे ८०,००० माणसं होती. कुठल्याही खेळाच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट वाटत नाही. पहिला निकाल विरोधात गेला, जुलै २००१ मध्ये अपील जिंकलं आणि २००२ ला संघ मैदानात परतला. २००३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तोवर संघ लीगमध्ये घट्ट बसला होता.

क्रो लहानपणापासून साउथ्सवाला. १९०८ च्या पहिल्या सामन्यातली पितळी घंटा त्याने १९९९ च्या लिलावात ४२,००० डॉलरला घेऊन क्लबला दिली. २००६ मध्ये एका भागीदारासोबत त्याने क्लबचा ७५ टक्के हिस्सा घेतला. पिगिन्सचा याला विरोध होता, आणि त्याचं दुःख मला समजतं. ज्या सभासदांनी क्लब वाचवला, त्यांच्याच हातून मालकी जात होती.

२०१४ चा अंतिम सामना मी शेजारच्या आजोबांकडे टीव्हीवर पाहिला. पहिल्याच धडकेत साउथ्सच्या सॅम बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. चेहरा सुजत गेला तरी तो बाहेर जाईना. आजोबा क्लबच्या रंगांचा लाल-हिरवा मफलर मुठीत धरून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "सॅटलर." कॅन्टरबरी या प्रतिस्पर्धी क्लबवर ३०-६ असा विजय मिळाला. ४३ वर्षांनी आलेलं ते २१ वं विजेतेपद. शिट्टी झाल्यावरही आजोबा बराच वेळ जागचे उठले नाहीत.