वर्णभेद, वंशद्वेष की वांशिक भेदभाव?

प्रश्न असा आला आहे: युरोपातल्या रोमा या अल्पसंख्य समाजाविषयीच्या बातमीचा अनुवाद करताना 'रेशियल डिस्क्रिमिनेशन'ला वर्णभेद म्हणावं, वंशद्वेष म्हणावं की वांशिक भेदभाव? आणि 'रोमा' हे नाव वाचकाला अनोळखी, तर त्याऐवजी 'भटके' किंवा 'जिप्सी' लिहिलेलं चालेल का?

वर्णभेद आधी बाजूला काढू. मराठीत हा शब्द दक्षिण आफ्रिकेला चिकटला आहे आणि तो वाचला की कातडीचा रंगच डोळ्यांपुढे येतो. रोमांना रंगावरून टोमणे बसतातच, पण भेदभावविरोधी कायद्याचा रोख तेवढ्यापुरता नाही.

वंशद्वेष जास्त फसवा. द्वेष मनात असतो. तो सिद्ध करायचा तर समोरच्याच्या मनात शिरावं लागेल. रोमांच्या बाजूने लागलेल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या निकालाने नेमकी हीच अट काढून टाकली. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात १८ रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या 'विशेष शाळां'त घातलं होतं. चाचण्या सगळ्यांना सारख्याच, पालकांच्या सह्याही घेतलेल्या. कागदोपत्री सगळं चोख. पण शहरातल्या प्राथमिक शाळांतल्या एकूण मुलांत रोमा २.२६ टक्के आणि विशेष शाळांत ५६ टक्के, असे आकडे अर्जदारांनी पुढे ठेवले. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात २००६ साली ते आधी हरले. मग १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. भेदभाव करण्याचा हेतू दाखवायची गरज नाही; एखाद्या नियमाचा फटका एकाच समाजाला जास्त बसतो हे आकड्यांतून दिसलं, की खुलासा सरकारने करायचा. आणि पालकांनी सही केली म्हणून त्यांनी भेदभावाविरुद्धच्या हक्कावर पाणी सोडलं असं होत नाही. या निकालाच्या बातमीत 'वंशद्वेष' लिहिलं, तर न्यायालय जे बोललंच नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो. तिथे 'अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव' हेच लिहावं, शब्द जड वाटला तरी.

म्हणजे वांशिक भेदभाव बरोबर. तरी एक गाठ उरते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या भेदभावविरोधी निर्देशात (म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक कायद्यात) 'रेस' आणि 'एथ्निक' असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत आणि मराठीत आपण दोन्हींना 'वांशिक' म्हणून मोकळे होतो. माझं मत असं, की 'एथ्निक'च्या सर्वांत जवळचा मराठी शब्द कोशात शोधू नये. तो रोजच्या बोलण्यात आहे: समाज. अमुक समाजाचा म्हणून वीज मीटर हाताला न येणाऱ्या उंचीवर, हे कुणालाही कळतं. आणि हे उदाहरण खरं आहे. बल्गेरियात दुपनित्सा शहरातल्या रोमा वस्तीत वीज कंपनीने मीटर सहा-सात मीटर उंच खांबांवर लावले होते. इतरत्र ते १.७० मीटरवर असत. तक्रार करणारी दुकानदार बाई स्वतः रोमा नव्हती, दुकान त्या वस्तीत होतं इतकंच. २०१५ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने तिलाही या कायद्याचं संरक्षण आहे असं ठरवलं.

आता 'भटके'. ब्रिटनमध्ये या शब्दावरूनच खटला झाला. तिथल्या १९६८ च्या एका कायद्यात जिप्सींची व्याख्याच होती 'भटकं जीवन जगणाऱ्या व्यक्ती, मग वंश वा मूळ काहीही असो'. ही व्याख्या धरली तर वांशिक भेदभावाचा कायदा त्यांना लागूच होत नाही. लंडनच्या हॅकनी भागातल्या एका पबने दारावर 'नो ट्रॅव्हलर्स', म्हणजे भटक्यांना प्रवेश नाही, अशी पाटी लावली आणि प्रकरण अपील न्यायालयात गेलं. त्याआधी १९८३ साली एका शीख मुलाच्या पगडीच्या खटल्यात सामाईक इतिहास आणि स्वतःची संस्कृती असलेल्या समाजाला संरक्षण आहे, असं ठरलं होतं. तीच कसोटी लावून १९८८ साली न्यायालयाने जिप्सी हाही असा समाज आहे असं मान्य केलं. मराठीत 'भटके' लिहिणं म्हणजे १९६८ ची व्याख्या परत आणणं. शिवाय युरोपातले बहुसंख्य रोमा पिढ्यानपिढ्या एका जागी राहतात. ओस्त्राव्याची मुलं काही तांड्यातून आलेली नव्हती. आपल्याकडे 'भटक्या जमाती' ही सरकारी यादीतली संज्ञा आहे, ती तिथेच राहू द्यावी.

'जिप्सी' हा 'इजिप्शियन'चा अपभ्रंश, इजिप्तहून आले या गैरसमजातून चिकटलेला. बऱ्याच देशांत तो शिवीसारखा लागतो. ब्रिटनमधले काहीजण मात्र तो स्वतःहून लावतात आणि २०११ च्या तिथल्या जनगणनेच्या अर्जातही तो होता. त्यामुळे ब्रिटिश संदर्भात ठेवावा, एरवी रोमा. रोमानी या त्यांच्या भाषेत 'रोम' एकवचन, 'रोमा' अनेकवचन. मराठीत 'रोमा समाज', 'रोमांना' सरळ चालतं. फक्त रोम शहराशी किंवा रुमानियाशी त्याचा संबंध लावू नये. उलट नातं आहे ते भारताशी: पाणी, नाक, कान हे शब्द रोमानीतही जवळजवळ असेच आहेत.