सोसायटीच्या फायर पॅनलवर पिवळा दिवा कायम लागलेला असतो, वॉचमन म्हणतो ‘काही होत नाही’. खरंच चालतं का असं?

नाही चालत. पुण्यात सोसायट्यांच्या फायर सिस्टिमची देखभाल हाच माझा धंदा आहे. बाणेर असो की हडपसर, हा पिवळा दिवा कुठे ना कुठे भेटतोच. लाल म्हणजे आग, पिवळा म्हणजे फॉल्ट. वॉचमन बटण दाबतो तेव्हा फक्त बझर गप्प होतो, फॉल्ट तिथेच.

पॅनल नुसतं धुराची वाट बघत बसत नाही, ते सतत स्वतःच्या वायरिंगवरच लक्ष ठेवून असतं. साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल पॅनलमधून प्रत्येक झोनसाठी, म्हणजे इमारतीच्या एकेका भागासाठी, २४ व्होल्ट डीसीच्या दोन तारा निघतात. त्यांवर ओळीने धूर ओळखणारे डिटेक्टर, आणि पार शेवटी एक चिमुकला रेझिस्टर. त्यामुळे लाइनमध्ये कायम थोडासा करंट वाहतो. धूर शिरला की डिटेक्टर जास्त करंट ओढतो आणि हूटर वाजतात. तार तुटली की करंट थांबतो आणि पिवळा दिवा लागतो. मग तुटल्या जागेच्या पुढच्या एकाही डिटेक्टरचं पॅनलला काही कळत नाही. तिथे धूर झाला तरी हूटर वाजणार नाही.

अ‍ॅड्रेसेबल पॅनल असेल तर काम सोपं. प्रत्येक डिटेक्टरला नंबर असतो, नेमकी जागा स्क्रीनवरच दिसते.

कारण बहुतेक वेळा फालतू निघतं. कुणाच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम निघतं, सुतार डिटेक्टर फिरवून काढतो आणि खिडकीत ठेवून देतो. लाइन त्याच्या बेसमधूनच पुढे जाते, ती तिथेच तुटते. नाहीतर पॅनलमधल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या गेलेल्या असतात. (रंगकामात घातलेली प्लास्टिकची टोपी मात्र कुठलाच दिवा दाखवत नाही. ती डोळ्यांनीच शोधायची.)

२००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तोही परवानाधारक एजन्सीकडून. तुमच्या सेक्रेटरींकडे शेवटचा मागा. दिवा पिवळा असूनही फॉर्म आला असेल तर एजन्सीला बोलवा आणि समोर उभं राहून दोन गोष्टी करून घ्या: एक डिटेक्टर काढून त्याच झोनचा फॉल्ट येतो का बघा, आणि मेन बंद करून पॅनल बॅटरीवर तग धरतं का तेही.