हवामान आणि परिसंस्थांच्या संशोधनासाठी जर्मनीत यायचं असेल तर

तू तीन गोष्टी विचारल्यास: पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झाल्यावर पीएचडीला जर्मनीत यावं का, जंगलात मोजमापं घेणारा गट निवडावा की संगणकावर मॉडेल चालवणारा, आणि पुढे नोकरीचं काय. मी इथेच पीएचडी केली आणि याच क्षेत्रात राहिले, म्हणून ताईच्या नात्याने सविस्तर लिहिते. सुरुवात नोकरीपासून करते, कारण ते कळलं की बाकीचे दोन प्रश्न सोपे होतात.

इथे पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. संस्था तुझ्याशी करार करते, पगार सरकारी वेतनश्रेणीप्रमाणे, साधारणपणे ई-१३ मध्ये. पण तो पूर्ण मिळत नाही, ५० ते ७५ टक्के मिळतो आणि काम मात्र पूर्णवेळ असतं. करार बहुधा ३ वर्षांचा, आणि प्रबंध त्याहून जास्त वेळ खातो. शेवटच्या महिन्यांचे पैसे कुठून येणार, हे मुलाखतीतच विचार. विचारायला संकोच करू नकोस, इथे कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. विद्यापीठं आणि सरकारी संशोधन संस्थांना लागू असलेल्या कायद्यानुसार पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतं. मूल असेल तर प्रत्येक मुलामागे ही मर्यादा २ वर्षांनी वाढते. ती संपली की कायमची जागा, नाहीतर बाहेरच्या निधीवरचा एखादा प्रकल्प. आणि कायमच्या जागा खरंच कमी आहेत.

आपल्या शास्त्राला हे फार जाचतं. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दर दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. पहिल्या वर्षात फक्त ऋतूंप्रमाणे होणारा चढउतार दिसला असता. हवेतला कार्बन वर्षानुवर्षं चढतोय हे दिसायला मोजत राहणारं कोणीतरी लागलं. जंगलांचंही तसंच आहे. ड्रेस्डेनजवळच्या थारांटच्या स्प्रूसवनात (स्प्रूस म्हणजे सूचिपर्णी झाड) १९९६ पासून मोजमापं चालू आहेत, मध्य जर्मनीतल्या हाइनिखच्या बीचवनात (बीच म्हणजे रुंद पानांचं झाड) या शतकाच्या सुरुवातीपासून. ही जुनी नोंद हाताशी होती, म्हणूनच २००३ आणि २०१८ च्या दुष्काळांनी नेमकं काय केलं ते सांगता आलं. जंगलाला दशकं लागतात आणि तुझा करार ३ वर्षांचा. माझा सल्ला यातूनच येतो: तुझ्या आधीपासून चालू असलेल्या आणि तुझ्यानंतरही चालू राहणाऱ्या नोंदीशी स्वतःला जोडून घे. गट निवडताना प्राध्यापकाच्या नावाइतकंच हे बघ की तिथे जंगलात मोजमापाची यंत्रं बसवलेल्या मनोऱ्याची देखभाल करणारे कायमस्वरूपी तंत्रज्ञ आहेत का. ते नसतील तर नोंदीत खंड पडतो, आणि पडलेला खंड नंतर कुणालाही भरून काढता येत नाही.

आता जंगल की मॉडेल. मी म्हणेन, निदान एक वर्षभर मनोऱ्यावर चढ. झाडांच्या शेंड्यांच्या वर एक वाऱ्याचं यंत्र असतं, ध्वनीच्या स्पंदनांवरून वारा मोजणारं. शेजारी अवरक्त प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड मोजणारं दुसरं. दोन्ही सेकंदाला १० किंवा २० वेळा वाचन घेतात, आणि त्यातून दर अर्ध्या तासाला जंगलाने किती कार्बन घेतला किंवा सोडला ते काढतात. दिवसा हे छान चालतं. रात्री वारा पडतो, झाडांनी आणि मातीने सोडलेला वायू खालीच साचतो, उतारावरून बाजूला वाहून जातो, आणि वरच्या यंत्राला त्याचा पत्ताच लागत नाही. ते आकडे तसेच धरले तर जंगल प्रत्यक्षात घेतं त्याहून जास्त कार्बन घेतंय असं दिसतं. म्हणून वारा फार मंद असलेल्या रात्री गाळतात आणि रिकाम्या जागा गणिताने भरतात. किती मंद म्हणजे फार मंद, या एका निर्णयाने वर्षाची बेरीज बदलते. मनोरा कधी न पाहिलेला माणूस भरलेल्या आकड्यालाही निरीक्षण समजतो आणि त्यावर मॉडेल बसवतो. तू तसं करू नयेस, असं मला फार मनापासून वाटतं.

जंगलातल्या कामाची तयारी सांगते. उंचावर काम करण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावंच लागतं. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस आधीच घे. लाइम रोगावर लस नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला नीट तपासायचं. हिवाळ्यात यंत्रांवर बर्फाचा थर धरतो. आणि जर्मन शीक. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभतं, पण वनाधिकाऱ्याशी बोलताना निभत नाही, आणि कोणतं झाड कधी तोडलं हे त्यालाच माहीत असतं.

जर्मनचा दुसरा उपयोग नोकरीत होतो. विद्यापीठाबाहेर थ्युनेन संस्था, जर्मन हवामान सेवा, पर्यावरण कार्यालय अशा सरकारी ठिकाणीही हेच ज्ञान लागतं. देशाच्या वनगणनेचं काम थ्युनेनकडे असतं. २०२२ च्या गणनेचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, आणि दुष्काळ, वादळं व सालीतल्या भुंग्यांमुळे २०१७ पासून जर्मनीच्या जंगलांनी साठवला त्यापेक्षा जास्त कार्बन गमावला, हे त्यातून समोर आलं. हार्ट्झच्या डोंगरांवर उभेच्या उभे वाळलेले स्प्रूस मी पाहिले आहेत. असं बघणंही या कामाचा भाग आहे. त्याचा त्रास होतो, आणि होऊ द्यावा.

व्हिसाची फार काळजी करू नकोस. पीएचडीनंतर पूर्ण पगाराची जागा मिळाली की बहुधा ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा काम आणि वास्तव्याचा परवाना, मिळतं. त्यावर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, जर्मन बी-१ पातळीचं (मध्यम, रोजच्या व्यवहारापुरतं) असेल तर २१ महिन्यांनी. जोडीदारालाही काम करता येतं.

अर्ज करण्याआधी एक काम कर. अशा मनोऱ्यांची मोजमापं एकत्र करणाऱ्या फ्लक्सनेट या जागतिक जाळ्याचा २०१५ चा संच जगभरातल्या २१२ ठिकाणांचा आहे आणि मोफत मिळतो. त्यातून थारांटची माहिती उतरवून घे. जर्मनीतल्या येना शहरातल्या शास्त्रज्ञांनी आर या संगणकभाषेसाठी बनवलेलं रेडीप्रॉक (REddyProc) नावाचं पॅकेज वापरून २००३ चा उन्हाळा आणि त्याआधीचा उन्हाळा स्वतः ताडून बघ. रात्री गाळण्याची मर्यादा बदलली की निष्कर्ष किती हलतो, तेही पाहा. जे दिसेल ते दोन पानांत लिही आणि प्राध्यापकांना मेल पाठवताना सोबत जोड. गुणपत्रिका सगळेच पाठवतात, ही दोन पानं फार थोडे जण पाठवतात. पाठवण्याआधी मला दाखवायची असतील तर जरूर दाखव.