मुंबईहून मे महिन्यात आजीला घेऊन नागपूरला लग्नाला जातोय. उन्हाचं काय करावं?

सकाळी ११ ते संध्याकाळी ५ आजींना उन्हात काढूच नका. वरात दुपारची असली तर त्यांना आधीच हॉलवर नेऊन बसवा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण हवा मुंबईसारखी दमट नसते. घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं कळतच नाही. तहानेची वाट न बघता घोट-घोट पाजत राहा: १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. (पन्हं मिळालं तर काय, सोन्याहून पिवळं.) बाहेर पडताना कान-डोकं दुपट्ट्याने गुंडाळा. खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओल कोंडून चिकचिक होते. मात्र बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.